टॉवेल, टोपी आणि अननस

बियाण्याच्या धंद्यात माणूस कुठं जाऊन पोहोचेल, सांगता येत नाही. माझं बोरीला कृषी सेवा केंद्र आहे. एका हंगामात सोयाबीनचं बियाणं असं काही खपलं की कंपनीनं कळवलं, तुमची दोन माणसांची परदेश सहल नक्की. मला वाटलं बँकॉक असेल. आमच्या धंद्यातले सगळे तिकडंच जाऊन येतात आणि तिथं काय बघितलं ते बायकोसमोर सांगत नाहीत. पण निघालं नैरोबी. आफ्रिकेतल्या केनिया देशाची राजधानी, आणि मुक्काम इंग्रजांच्या काळातल्या एका नावाजलेल्या दगडी हॉटेलात. मी बायकोला म्हटलं, बॅग भर.

"मी येत न्हाई," ती म्हणाली. "माझ्या जागी आबांना न्या."

आबा म्हणजे माझे वडील. तिला आफ्रिकेची हौस नव्हती असं नाही. सहलीची कुणकुण लागल्यापासून तिनं परभणीहून एक काळा गॉगल आणून ठेवला होता आणि तो घालून ती गुपचूप आरशात बघायची. पण ताडकळसला तिच्या वडिलांचंही माझ्यासारखंच दुकान आहे, आणि त्यांनाही याच सहलीत जागा मिळाली होती. माझी सासू काही विमानात बसायला तयार नव्हती. पाय टेकायला खाली जमीन नाही ते वाहन कसलं, असं तिचं म्हणणं. म्हणजे सासरे एकटेच येणार होते. बायकोनं हे सगळं आधीच जुळवून ठेवलं होतं.

कारण माझे वडील आणि माझे सासरे, हे दोन व्याही, आठ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

भांडण जमिनीचं नाही, पैशाचं नाही. टॉवेलाचं. आमच्याकडं लग्नात व्याह्याला टॉवेल, टोपी आणि नारळ देऊन त्याचा मान करतात. त्या वस्तूंची किंमत फारशी नसते, पण त्या कशा दिल्या यावर दोन घरं जन्मभर बोलतात किंवा जन्मभर बोलत नाहीत. माझ्या लग्नात आबांना मिळालेला टॉवेल जरा पातळ निघाला. झालं असेल घाईगर्दीत. आबांनी तो खांद्यावर टाकून गप बसायचं ना! त्यांनी तो भर मांडवात दोन्ही हातांनी उजेडाकडं धरला आणि म्हणाले, "पाव्हणं, ह्यातून मला आख्खं ताडकळस दिसायलंय."

मांडव हसला. सासरे हसले नाहीत. आबांचं म्हणणं, आमची बेइज्जती झाली. सासऱ्यांचं म्हणणं, बेइज्जती आमची झाली. तेव्हापासून दोघं कुणाच्या लग्नाकार्यात समोरासमोर बसलेले असले तरी माझ्यामार्फत बोलत. "तुझ्या सासऱ्याला सांग." "जावईबापू, तुमच्या वडिलांना म्हणा." गावोगाव मोबाइलचे टॉवर उभे राहिले, तरी या दोघांमधला तारवाला मीच.

आता वैशाखात माझ्या मेहुण्याचं लग्न होतं. बायकोचा एकुलता एक भाऊ. आबांनी आधीच जाहीर केलं होतं, "मी काही त्या मांडवात पाय ठेवणार न्हाई. परत टॉवेल दिला म्हणजे?"

"माझ्या भावाच्या लग्नात माझाच सासरा न्हाई म्हणल्यावर सगळ्या बायका मलाच इचारणार," बायको म्हणाली. "तिकडं दोघांना एका जागी कोंडा, बोलतं करा आन् मगच आणा. न्हाईतर मी बी लग्नाला जायची न्हाई. करवली कोणाला बी करा म्हणावं."

"आन् आफ्रिका?"

"आफ्रिका राहू द्या. मला एका मांडवात दोघं पाहिजेत."

असं म्हणून तिनं तो नवाकोरा गॉगल आबांच्या बॅगेत ठेवला. मला ते बघवलं नाही. मी उगाच दुकानात जाऊन खताची पोती इकडून तिकडं केली.

विमानात दोघं माझ्या दोन बाजूंना बसले आणि खिडकीवरून एकमेकांशी जे काही भांडले ते माझ्या तोंडानं भांडले. मधल्या एका विमानतळावर विमान बदलायचं होतं. तिथं सासरे दुकानं बघत फिरले आणि हातात एक पिशवी घेऊन आले. सासूसाठी अत्तर होतं, पण ते त्यांनी कोणाला दाखवलं नाही. आबा त्याच वेळी संडास शोधायला गेले आणि इतका वेळ हरवले की आमच्याबरोबर आलेल्या कंपनीच्या साहेबांनी दोन चकरा मारल्या. या दोन गोष्टी लक्षात ठेवा. पुढचा सगळा घोटाळा यांच्यामुळेच झाला.

नैरोबीचं ते हॉटेल मात्र आम्ही सगळे बघतच राहिलो. दगडी भिंती, लांबलचक व्हरांडा, पाय घसरेल अशी लाकडी फरशी, जाळीचं दार ओढून लावायची जुनी लिफ्ट. दारात एक उंच गृहस्थ उभे, अंगात लांब लाल कोट, पितळी बटणं, डोक्यावर उंच टोपी. त्यांनी वाकून दार उघडलं. आबांनी चपला काढून त्यांना नमस्कार केला आणि मला हळूच म्हणाले, "बघ, मालक सवताच दारात उभं राहतेत. खानदानी माणसं." ते मालक नाहीत, दरवान आहेत, हे मी सांगितलं, पण आबांनी मुक्काम संपेपर्यंत त्यांचा मान काही कमी केला नाही.

भिंतीवर जुने फोटो होते. गोरे साहेब, हातात बंदूक, पायाशी मेलेला सिंह. सासरे बराच वेळ एका फोटोपुढं उभे राहिले आणि म्हणाले, "जावईबापू, एवढं मोठं जनावर पडलं, तरी ह्या माणसानं डोक्यावरची टोपी काढली न्हाई." सासऱ्यांची नजर कुठल्याही मोठ्या प्रसंगात टोपीवरच जाते, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

खोल्या वाटताना कंपनीच्या साहेबांनी वयस्कर माणसांना जिना चढावा लागू नये म्हणून तळमजल्यावर एकत्र ठेवलं. वयस्कर दोनच होते. त्यांना एका खोलीची किल्ली मिळाली. मला वरच्या मजल्यावर जिंतूरच्या एका दुकानदाराबरोबर टाकलं. त्याच्या घोरण्यामुळं खिडकीची तावदानं वाजत. आबा किल्लीकडं बघत मला म्हणाले, "तुझ्या सासऱ्याला सांग, मला खिडकीजवळची खाट लागती." सासरे शेजारीच होते. "जावईबापू, म्हणा की घ्या."

मी सामान वर टाकलं, तोंड धुतलं आणि भीत भीत खाली त्यांच्या खोलीत गेलो. बघतो तर दोघं आपापल्या खाटेवर समोरासमोर बसलेले. दोघांच्या मांडीवर एकेक पांढराशुभ्र, चांगला घोंगडीएवढा जाड टॉवेल. टॉवेलावर एकेक प्लास्टिकची, इलास्टिक लावलेली टोपी, अंघोळीच्या वेळी केस भिजू नयेत म्हणून हॉटेलवाले ठेवतात तसली. मधल्या टेबलावर फळांची टोपली आणि त्यात मोठा अननस.

दोघांचे चेहरे गंभीर. आबांनी घसा साफ केला.

"त्यांना म्हण," आबा म्हणाले, "टॉवेल जाड हाय."

सासऱ्यांनी मान खाली घातली. "त्यांना म्हणा, टोपी बी बरी हाय. इकडली दिसती."

मला क्षणभर कळेचना. मग एकदम कळलं. आबा खोलीत आले तेव्हा सासरे आधीच तिथं दारात साहेबांशी बोलत उभे होते. आबांनी खाटेवरचा टॉवेल, टोपी पाहिली आणि त्यांना ती विमानतळावरची पिशवी आठवली. व्याह्यानं आठ वर्षांनी का होईना, चूक सुधारली! मग सासरे आत आले. त्यांनी आपल्या खाटेवरचा टॉवेल, टोपी पाहिली आणि त्यांना आठवलं की हे पाव्हणं विमानतळावर मघा कुठंतरी गायब झाले होते. पाव्हण्यानं आधी हात पुढं केला! दोघांनाही वाटत होतं की समोरच्यानं आहेर केलाय आणि नमतं घेतलंय. समोरच्याच्या मांडीवरचा जोड त्यानं स्वतःसाठी आणला असेल असं दोघांनी धरलं; हॉटेलचं नावसुद्धा कोणाच्या मनात आलं नाही.

"नारळाचं काय?" मी चाचरत विचारलं.

आबांनी अननसाकडं बोट दाखवलं. "हिकडं नारळ मिळत नसंल. अडचणीत चालतंय."

आता खरं सांगावं तर दोघांची पुन्हा बेइज्जती, आणि या वेळी परदेशात. न सांगावं तर हे सगळं प्लास्टिकच्या टोपीवर उभं. बायकोचा गॉगल माझ्या डोळ्यांपुढं आला. मी चाकू मागवला आणि अननस कापला. अर्धा आबांना, अर्धा सासऱ्यांना. माझ्या वाट्याला शेंडी आली.

त्या जेवणाला आबांनी घरून आणलेली शेंगदाण्याची चटणी काढली. ती त्यांनी विमानात कोणाला हातही लावू दिला नव्हता. चमचाभर चटणी त्यांनी सासऱ्यांच्या ताटात वाढली आणि थेट त्यांच्याकडं बघून म्हणाले, "घ्या." आठ वर्षांतला हा पहिला शब्द. सासरे म्हणाले, "बास, बास." हा दुसरा. मी मक्याच्या पिठाचा तिथला गोळा खात होतो, तो घशातच अडकला.

आहेराचा एक नियम असतो. मिळालेली टोपी निदान एकदा तरी देणाऱ्यासमोर डोक्यावर घालायची, नाहीतर त्याचा अपमान होतो. हा नियम मी विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नाष्ट्याला त्या हॉटेलच्या मोठ्या दालनात बसलो होतो. झुंबरं, पांढरे टेबलक्लॉथ, चांदीच्या किटल्या, हळू आवाजात बोलणारी गोरी म्हातारी जोडपी. दार उघडलं आणि आबा आत आले. पांढरं धोतर, सदरा, खांद्यावर हॉटेलचा टॉवेल आणि डोक्यावर रोजच्या टोपीऐवजी ती प्लास्टिकची टोपी, कानांपर्यंत ओढलेली. मागोमाग सासरे. पँट, शर्ट, खांद्यावर टॉवेल, डोक्यावर तीच टोपी. लग्नातले मानकरी चालतात तसे दोघं सावकाश चालत आले. एका गोऱ्या बाईंच्या हातातला पाव बशीतच राहिला.

मला वाटलं जमीन दुभंगावी. पण जमीन कशाला दुभंगते! उलट आमच्या सहलीतले चारपाच दुकानदार त्या दोघांकडं बघून गडबडीनं उठले, आपापल्या खोलीत गेले आणि प्लास्टिकच्या टोप्या घालून परत आले. त्यांना वाटलं, इतकं मोठं हॉटेल आहे, जेवताना डोकं झाकायचा नियम असेल. जिंतूरकर तर मला दटावून म्हणाला, "तुमी का घातली न्हाई? सायबाचं हॉटेल हाय, जरा रीत पाळा." मग मीही घातली. परभणी जिल्ह्यानं त्या दिवशी त्या ऐतिहासिक दालनात प्लास्टिकच्या टोप्या घालून ऑम्लेट आणि पपई खाल्ली. दारातल्या दरवानानं आपली उंच टोपी काढून आम्हाला सलाम केला. तो चेष्टेनं केला की मनापासून, ते त्याचं त्यालाच माहीत.

खरा धोका त्यानंतर होता. हॉटेलात रोज टॉवेल बदलतात. खोल्या आवरणाऱ्या बाई चाकांच्या गाडीवर टॉवेलांची थप्पी घेऊन येताना दिसल्या तसा मी पळतच त्यांच्याकडं गेलो. माझं इंग्रजी बियाण्याच्या पिशवीवर लिहिलेलं असतं तेवढंच. मी सांगायचा प्रयत्न केला की या खोलीत कृपा करून टॉवेल देऊ नका. बाईंना वाटलं, मी टॉवेल दिले नाहीत म्हणून तक्रार करतोय. त्यांनी माफी मागितली आणि दोन्ही खाटांवर दोन दोन टॉवेल, दोन दोन टोप्या ठेवल्या. आबा व्हरांड्यातून हे सगळं बघत होते. पण आबांनी फक्त मिशीवरून हात फिरवला.

पुढचे दिवस बरे गेले. आम्हाला जंगल दाखवायला नेलं. सिंह झाडाखाली झोपलेला होता आणि त्यानं आमच्यासाठी एक डोळाही उघडला नाही. दोन्ही व्याही मात्र जीपमध्ये शेजारी बसून वाटेतली मका बघत होते. ओळीतलं अंतर जास्त पडलंय, असं आबा म्हणाले. जमीन हलकी असेल, असं सासरे म्हणाले. मध्ये मी नव्हतो! मी मागच्या सीटवर एकटा बसून जिराफ बघितला आणि मला इतका आनंद झाला की मी जिराफालाच हात केला.

निघायच्या सकाळी आबांनी मला एका खांबाआड ओढलं.

"बॅगेत हॉटेलचा टॉवेल हाय," ते कुजबुजले. "व्याही बघायलते म्हणून घालावा लागला. गुपचूप काढून दे."

"हॉटेलचा?" मी उडालोच. "आबा, तुमाला माहीत हाय?"

"तर काय! दुसऱ्याच दिवशी कळलं. त्या बाईच्या गाडीवर टॉवेलाची थप्पी अन् टोप्यांचं डबडं. म्हणलं, व्याह्यानं एवढा माल काही आणला नसंल."

"मंग बोलला का न्हाईत?"

"कसं बोलू? त्यांना वाटायलंय मी आहेर केला. आठ वर्षांनी माणूस माझ्याकडं बघून हसला. आता म्हणू व्हय, का मी काही दिलं न्हाई?" आबांनी इकडंतिकडं पाहिलं. "वाटायलंय तर वाटू दे."

मी हो म्हणून वळलो, तर जिन्याजवळ सासरे उभे. "जावईबापू, जरा नाजूक काम हाय."

"टॉवेल?" मी विचारलं.

"तुमाला कसं कळलं?" सासरे दचकले. "तो हॉटेलचा हाय वो. पण तुमच्या वडिलांना वाटायलंय, मी दिला. लय खूश हायेत. त्या दिवशी मांडवात मान राहिला होता त्यांचा, माझ्याकडूनच राहिला. आता भरून निघाला म्हणतेत तर निघू द्या. त्यांना काही सांगू नका."

मी जिन्याच्या पायरीवर बसलो आणि हसत सुटलो. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सासरे घाबरून दरवानाला बोलावून आले आणि तो माझ्यासाठी पाण्याचा ग्लास घेऊन आला. काय झालं हे त्याला सांगायला मला जन्म पुरला नसता.

शेवटी मी काऊंटरवर जाऊन ते दोन्ही टॉवेल रीतसर विकतच घेतले. टोप्या फुकट मिळाल्या. टॉवेलाची किंमत मी अजून बायकोलाही सांगितलेली नाही. खोल्या आवरणाऱ्या बाई तिथंच होत्या. हातवारे करून मी त्यांना सगळी हकीकत कशीबशी समजावली. त्या पोट धरून हसल्या आणि तशाच हातवाऱ्यांनी म्हणाल्या, आमच्याकडं लग्नात थोरामोठ्यांना ब्लँकेट देतात, आणि ते पातळ निघालं तर आमच्याकडंही माणसं रुसतात. मग मी आबांना आणि सासऱ्यांना वेगवेगळं गाठून सांगितलं, टॉवेल आता आपलाच आहे, बॅगेत राहू द्या. म्हणजे दोन्ही व्याह्यांचा आहेर मीच केला, तोही एकमेकांच्या नावानं.

परभणीला उतरल्यावर मात्र दोघं फक्त "येतो" म्हणाले आणि आपापल्या गाडीत बसले.

"बोलले का?" बायकोनं दारातच विचारलं.

"बोलले की. चटणीवर बोलले, मक्यावर बोलले."

"लग्नाचं?"

"लग्नाचं न्हाई बोलले."

जंगलातले फोटो तिनं भराभर बघितले. मला माझाच राग आला. एवढ्या लांब जाऊन मी अर्धवट काम करून आलो होतो, आणि तिची आफ्रिका फुकट गेली होती. मेहुण्याच्या लग्नाची तयारी ताडकळसला सुरू झाली, तिला रोज फोन यायचे, आणि ती "बघू" म्हणून ठेवून द्यायची. आबांना सरळ विचारायची माझी हिंमत झाली नाही. नाही म्हणाले असते तर?

मग एका सकाळी घरापुढं मोटरसायकल थांबली. सासरे एकटेच आले होते. त्यांच्या दारात आबांनी पाय ठेवला नव्हता तसा त्यांनीही आमच्या दारात आठ वर्षं ठेवला नव्हता. लेकीला भेटायचं तर दुकानावर बोलवायचे. त्यांच्या हातात लग्नाच्या पत्रिकांचा गठ्ठा. ते अंगणातच उभं राहून मोठ्यानं म्हणाले, "पहिली पत्रिका पोखर्णीच्या नरसिंहाला ठेवायची हाय. दुसरी व्याह्याला. म्हणलं, व्याह्यालाच संगं घेऊन देवाकडं जावं."

ताडकळसहून पोखर्णीला जाताना बोरी वाटेत लागत नाही. केवढी वाट वाकडी करून ते आले होते, हे आबांना कळलंच. बायको दाराची चौकट धरून उभी होती. आबा आत गेले. आम्हाला वाटलं, संपलं. मग ते बाहेर आले. धुतलेलं धोतर, कडक पांढरी टोपी, डोळ्यांवर बायकोचा गॉगल.

"गाडीवर माझी टोपी उडती," आबा म्हणाले. त्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला, ती हॉटेलची प्लास्टिकची टोपी काढली आणि पांढऱ्या टोपीवरून कानांपर्यंत ताणून बसवली.

आहेराची टोपी कोणी अशी धुळीला वापरत नाही. सासऱ्यांनीही शर्टाच्या खिशात हात घातला, आपली प्लास्टिकची टोपी काढली, झटकली आणि डोक्यावर ओढली.

आहेर कोणाचा, हे आता कोणी कोणाला विचारायचं राहिलं नव्हतं.

"बसा, पाव्हणं," सासरे म्हणाले.

"हळू घ्या," आबा म्हणाले, आणि मागं बसून त्यांनी व्याह्याच्या खांद्यावर हात ठेवला.

मोटरसायकल वेशीकडं निघाली. दोन्ही टोप्यांत वारा भरून त्या फुगल्या होत्या आणि शाळेला जाणारी पोरं थांबून बघत होती. गाडी दिसेनाशी होईपर्यंत बायको तिथंच उभी राहिली. मग तिनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "झाली बाई माझी आफ्रिका बघून."